मागची सीट

"तुमच्या ड्रायव्हरला चहा खालीच पाठवलाय," देवरे सर म्हणाले, आणि दिपमाला म्हणाली, "बरं केलंत."

दोनच शब्द, आणि तेही हसून. बोलून झाल्यावर तिला वाटलं, अजून वेळ आहे. आता लगेच म्हणता येईल, 'अहो सर, ड्रायव्हर कुठला, ते माझे मिस्टर.' सर हसतील, ओशाळतील, उठून जिन्यापर्यंत जातील आणि वरून हाक मारतील. मग झुलाल रुमालाने मान पुसत वर येईल आणि तिच्या शेजारच्या खुर्चीवर गुडघे फाकवून बसेल. त्या गुडघ्यांपाशी तिचं मन अडलं. गुडघ्यांनंतर त्याचा आवाज येणार होता. शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तसा तो बंद खोलीतही बोलायचा. मग तो सरांना विचारणार होता की पुस्तकांचा धंदा कसा चालतो, आणि सांगणार होता की मॅडम रात्री उठून लिहितात, मला वाटायचं लाईट चालू राहिला. हे सगळं त्याने पुण्याच्या प्रकाशकालाही सांगितलं होतं. तेवढ्यात देवरे सरांनी चष्मा लावून तिच्या कथांचा गठ्ठा पुढे ओढला, पहिलं पान उलटलं, आणि बोलायची वेळ निघून गेली.

धुळ्याच्या गल्ली नंबर चारमध्ये खाली भांड्यांचं दुकान होतं आणि वर देवरे सरांची ही खोली. सर कॉलेजातून निवृत्त झालेले, गेली बरीच वर्षं पुस्तकं काढत होते. थोडीच काढायचे, पण त्यांनी काढलेल्या पुस्तकाला लोक मान देत. भिंतीला लागून पुस्तकांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले होते आणि खोलीभर नव्या कागदाचा आणि खळीचा वास होता. त्या वासाने तिला आत येतानाच बरं वाटलं होतं. जळगावच्या कॉलेजात ती ग्रंथपाल. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांना पाठीवर नंबर चिकटवायचे, कपाटात उभी करायची, मुलांनी फाडलेली पानं जोडायची. चाळिशी उलटून गेली तरी आपलं नाव असं एखाद्या पाठीवर येईल ही आशा तिने कुणाला बोलून दाखवली नव्हती. झुलाललाही नाही. त्याला ती आपोआप समजली होती, आणि समजल्यावर त्याने ती गावभर करून टाकली.

कारण प्रकाशक शोधायचं काम त्यानेच अंगावर घेतलं होतं. केळीच्या गाड्या भरून देणारा माणूस. यावलच्या बागांतून माल काढायचा, गाड्यांत चढवायचा, दिल्लीकडच्या व्यापाऱ्याला लावून द्यायचा, एवढंच त्याचं जग. पण त्याला एकदा वाटलं की बायकोचं पुस्तक निघालं पाहिजे, मग ज्याच्याशी गाठ पडेल त्याला तो विचारू लागला. बागाईतदारांना विचारायचा, सोसायटीच्या चेअरमनला विचारायचा, लग्नात शेजारी बसलेल्या मास्तरला विचारायचा, "भाऊ, तुमच्या ओळखीत कुणी पुस्तकं छापणारं शे का?" छापणारं, असं म्हणायचा. जणू लग्नपत्रिका. एकदा त्याच्या बोलण्यातून कुणीतरी खरंच पुण्याचा पत्ता दिला. तो तिला घेऊन गेला, प्रकाशकाच्या टेबलावर त्याने केळीची फणी ठेवली आणि म्हणाला, "साहेब, आमच्याकडचा माल पाहा, आणि मग हिचा माल पाहा." तो प्रकाशक हसला. वाईट हसला नाही. पण त्याच्या शेजारी बसलेल्या बाईने खाली मान घालून ओठ दाबले, आणि ते दाबलेले ओठ दिपमालाने घरी आणले. पुढे महिन्याभराने नकार आला तेव्हा तिला तो आपल्या कथांना आलाय असं वाटलंच नाही. तो त्या फणीला आला होता. मुंबईच्या एकाने उत्तरच दिलं नाही, त्याचाही दोष तिने मनातल्या मनात झुलालवरच टाकला. तिथे तर तो गेलाही नव्हता.

"तुमची 'ओझं' ही कथा," देवरे सर म्हणाले, "मी दोनदा वाचली."

तिने पदर सारखा केला.

"काय नवरा उभा केलाय तुम्ही. नुसता जेवतोय. पानभर तो नुसता जेवतोय, आणि आपल्याला त्या बाईच्या घशात घास अडकल्यासारखं होतं. तो मचमच आवाज, ते ताटात बोटं फिरवणं, मग तांब्याने वरून घटाघटा पाणी पिणं... तो माणूस वाईट काहीच करत नाही हो, हीच गंमत. दगड आहे नुसता. असा दगड मराठीत बरेच दिवसांत वाचला नव्हता." सरांनी चष्मा काढला. "कुठे पाहिलात हा माणूस?"

खालून झुलालचं हसणं वर आलं. चहावाल्याशी असेल, नाहीतर भांड्यांच्या दुकानदाराशी. पाच मिनिटांत तो कुणाशीही नातं जोडायचा. ती खिडकीकडे न बघता म्हणाली, "असंच. आजूबाजूला."

"आजूबाजूलाच असतात," सर म्हणाले.

तिला वाटलं, हा आनंदाचा क्षण आहे. ज्या क्षणाची आपण इतकी वर्षं वाट पाहिली तो हाच, आता समोर चाललाय, नीट पाहून घे. आणि पाहायला गेलं तर तिला दिसत होतं ते सकाळचं. झुलालने पांढरा शर्ट घातला होता आणि त्याच्या बाहीवर केळीच्या चिकाचा काळपट डाग होता. तो डाग कशानेच जात नाही. त्याच्या प्रत्येक शर्टावर एखादा असतोच. ती म्हणाली, हा बदला. त्याने बदलला. दुसऱ्यावर पोटाशी डाग होता. तिने नुसतं बघितलं, आणि त्याने रुमाल खांद्यावरून असा पुढे सोडला की डाग झाकला गेला. मग तो आईला हाक मारून म्हणाला, "माय, निंघनूत व," आणि बोलेरो काढली. मागे करंडीत बामणोदची भरताची वांगी होती, सरांसाठी. ती नको म्हणाली होती. तो म्हणाला, "रिकाम्या हाताने कुणाच्या दारात जायचं? पुस्तकाचं काही होवो न होवो, भरीत तर खातील." या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणूनच तिला जास्त राग आला होता.

लग्न झालं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. वडील धुळ्याच्या कोर्टात कारकून. घरात वर्तमानपत्र, रेडिओ, शुद्ध बोलणं. वडील स्वतःच्या आईशीही अहिराणी बोलायचे नाहीत. झुलाल एरंडोलजवळच्या खेड्यातला, बारावी झालेला, तेव्हा त्याच्याकडे एक जुना टेम्पो होता. तिने नाही म्हटलं नाही, कुणी तसं विचारलंही नव्हतं. पण लग्नानंतर तिला ग्रंथालयाचा कोर्स करायचा होता तेव्हा सासरे नको म्हणाले आणि झुलाल त्यांच्यापुढे उभा राहिला. परीक्षेच्या प्रत्येक दिवशी त्याने तिला मोटारसायकलवर नेलं, आणि पेपर संपेपर्यंत तो बाहेर कडुलिंबाखाली बसून राहायचा. ती बाहेर आली की विचारायचा, "गेला का बरा?" तेव्हाही तिच्यासोबतच्या मुलींनी विचारलं होतं, कोण गं तो? तेव्हा तिने काय सांगितलं होतं? आठवेना. तिने खूप आठवून पाहिलं. 'मिस्टर' असंच म्हटलं असेल. म्हटलंच असेल. पण आता, या खोलीत बसल्यावर, तिला खात्री देता येईना.

"परिचयासाठी थोडी माहिती लागेल," देवरे सर म्हणत होते. म्हणजे त्यांनी पुस्तक घेतलं होतं. मधलं एखादं वाक्य तिने ऐकलंच नव्हतं. "शिक्षण, नोकरी... यजमान काय करतात?"

"बिझनेस," ती म्हणाली.

"जळगावातच?"

"हो. ते असतात... बिझी असतात."

"त्यांनाही आणायचं होतं. लेखिकेचा नवरा पाहायला आवडतं मला," सर हसले. "पुष्कळदा कथा तिथेच असते."

तीही हसली. पुस्तक होळीनंतर काढू, प्रकाशन इथेच धुळ्यात करू, संग्रहाचं नावही 'ओझं' असंच ठेवू, असं बरंच सर बोलले आणि ती हो हो म्हणत गेली. मग ते तिला पोचवायला जिन्याने खाली आले. तिने हे धरलं नव्हतं. मोठी माणसं दारातूनच निरोप देतात. अरुंद, अंधाऱ्या जिन्यात सर पुढे आणि ती मागे. प्रत्येक पायरीला तिला वाटत होतं की आता खाली झुलाल पुढे येईल, हात जोडेल आणि म्हणेल, 'नमस्कार सर, मी झुलाल, हिचा...' आणि तसं झालं तर बरंच होईल, आणि तसं होऊ नये. दोन्ही एकदम वाटत होतं. देवळात उभं राहून माणूस मनात उलटसुलट मागतो, तसं.

झुलाल गाडीला टेकून उभा होता. सरांना पाहताच सरळ झाला. त्याने तिच्याकडे पाहिलं, फार वेळ नाही, डोळ्यात काही गेलंय का ते पाहावं इतकंच. आणि मग तो गाडीला वळसा घालून आला आणि त्याने मागचं दार उघडलं.

ती मागच्या सीटवर बसली.

"सावकाश न्या हो मॅडमना," सर त्याला म्हणाले.

"हो साहेब."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. आग्रा रोडची गर्दी, हातगाड्या, रिक्षा, उसाचा रस. तिला वाटलं, वळण आलं की तो थांबवेल आणि म्हणेल, ये पुढे. वळण आलं, गेलं. तिला वाटलं आपणच म्हणावं. पण काय म्हणायचं? पुढे येते म्हटलं की आपण मागे का बसलो हे बोलावं लागणार. मग तिने ठरवलं की गावाबाहेर पडल्यावर म्हणू. गाव संपलं, जळगावचा रस्ता लागला. आरशात त्याचे डोळे दिसत होते आणि ते रस्त्यावरच होते. त्याच्या मानेवरची कातडी उन्हाने भाजून आडव्या रेघांची झाली होती. ही मान आपण इतकी वर्षं मागून कधी पाहिलीच नाही, असं तिच्या मनात आलं, आणि लगेच दुसरं आलं की 'आडव्या रेघांची मान' हे चांगलं आहे, लिहिताना येईल. तिला स्वतःची किळस आली. मागच्या सीटवर बसून ती त्याला पाहत होती, आणि पाहणं थांबत नव्हतं. दोन्ही बाजूंना वेचणी संपलेली कपाशी उभी होती, तिच्यावर कुठे कुठे राहिलेली पांढरी बोंडं. वांग्यांची करंडी गेल्यामुळे मागे रिकामा आवाज येत होता.

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर त्याने गाडी घातली. "भूक लागली असेल तुला," एवढंच म्हणाला. सरांना भेटल्यानंतरचं त्याचं तिच्याशी ते पहिलं वाक्य.

बाकड्यावर समोरासमोर बसल्यावर तिने सांगितलं, "घेतलं त्यांनी."

"पुस्तक?"

"हो. होळीनंतर काढतो म्हणाले."

त्याचा चेहरा असा उजळला की तिला दुसरीकडे पाहावं लागलं. त्याने टेबलावर हात आपटला, ढाबेवाल्याने वळून पाहिलं, आणि तो त्यालाच म्हणाला, "भाऊ, आमच्या मॅडमचं पुस्तक येऊन राहिलं, गोड काय शे तुमच्याकडे?" गोड काही नव्हतं. शेवभाजी आली, कळण्याची भाकरी आली. तो जेवू लागला.

आणि ती ऐकत राहिली. ऐकण्यासारखं काहीच येत नव्हतं. तोंड मिटून, छोटे घास, सावकाश. कोपऱ्यात बसलेल्या पाहुण्यासारखा तो जेवत होता. भाकरीचा तुकडासुद्धा त्याने आवाज न करता मोडला. पाण्याचा ग्लास ओठांना लावून तो एक घोट प्यायला आणि हळूच खाली ठेवला. हे आजचं नव्हतं. केव्हापासून तो असा जेवत होता? घरी तर बरेच दिवस तो तिच्यासोबत बसतच नव्हता. तू जेवून घे, मला अजून फोन करायचेत, म्हणायचा. मग अंगणात खाटेवर ताट घेऊन बसायचा. तिला ते सोयीचं वाटलं होतं. तिने कधी विचारलं नव्हतं.

"तुम्ही 'ओझं' वाचलंय," ती म्हणाली.

त्याने घास गिळला. "वाचलंय ना. सगळ्याच वाचल्या. टाईप करून आणल्या तेव्हा. गाडी भरेपर्यंत बागेत दुसरं काम काय असतं?"

"मला बोलला नाहीत."

"काय बोलणार? मला त्यातलं काय कळतं."

"तो माणूस तुम्ही नाही."

"बरं."

"खरंच. गोष्टीत असं असतं की थोडं इकडचं, थोडं तिकडचं..."

"दिपा, जेव. भाकरी गार होते."

"मी ती काढून टाकते. सरांना सांगते, ती कथा नको."

त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "काढू नको. चांगली झाली ती. मला वाचताना त्या बाईचंच वाईट वाटलं." त्याने हातातला तुकडा ताटात ठेवला. "फक्त मला माहीत नव्हतं, मी जेवताना असा दिसतो."

हे तो रागाने म्हणाला असता तर तिला उत्तर देता आलं असतं. त्याने ते असं सांगितलं, जसं एखाद्याला डॉक्टरने काही सांगितलं आणि तो घरी येऊन सांगतोय. तिला रडू यायला हवं होतं. आलं नाही.

"आणि आज?" ती म्हणाली. "सर तुम्हाला ड्रायव्हर म्हणाले. तुम्ही ऐकलं ना?"

"ऐकायचं काय, मीच तर सांगितलं." तो बोटाने ताटाच्या कडेची शेव गोळा करत होता, मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने बोट काढून घेतलं. "तू खाली साडी नीट करत होतीस. मी वांगी ठेवायला वर गेलो. ते म्हणाले, आपण? मी म्हटलं, मॅडमना घेऊन आलोय. मग त्यांना जे समजायचं ते समजलं."

"का पण?"

"सकाळी तू एक शर्ट बदलायला लावला. दुसरा घातला, तोही तुला पटला नाही. तेव्हा मला वाटलं, शर्टाने काही होणार नाही. माणूसच खाली ठेवू." तो हसला. "वाईट वाटून नको घेऊ. काम झालं ना? पुण्याला माझ्यामुळेच बिघडलं होतं, मला काय कळत नाही का?"

हे ती त्याला कधीच बोलली नव्हती. तिला वाटायचं की मनात ठेवलेलं मनातच राहतं. ती लिहिणारी होती, तिने उभा केलेला माणूस आज एका जाणत्या माणसाने वाखाणला होता, आणि इतकी वर्षं हा माणूस तिला पान उलटावं तसा वाचत होता. न बोलता. तिला एकदम काहीतरी करावंसं वाटलं. या बाकड्यावर असं बसून राहणं शक्य नव्हतं. तिने पर्समधून फोन काढला आणि तो "कुणाला लावतेस" म्हणेपर्यंत देवरे सरांचा आवाज आलाही.

"सर, एक सांगायचं राहिलं. ते खाली होते ना, गाडीपाशी... ते ड्रायव्हर नाहीत. माझे मिस्टर आहेत. झुलाल. मी तिथे बोलले नाही, माझी चूक झाली. यजमान बिझी आहेत असं मी म्हणाले तेही खोटं होतं."

बोलता बोलता तिला हलकं वाटू लागलं. ताप उतरताना घाम येतो तसं. पलीकडे सर "अरेरेरे" म्हणाले, मग "अहो, मी केवढा मूर्ख... त्यांना चहा खाली... द्या, द्या बरं त्यांना फोन."

तिने फोन पुढे केला. झुलालने मान हलवली. नको. तिने तरीही पुढे धरला. त्याने हात पँटला पुसले आणि फोन कानाला लावला, आणि तो बाकड्यावरून उठून उभा राहिला.

"नही नही सर... तसं काही नही... अहो कशाची माफी, तुम्ही मोठे... चहा मस्त होता सर, आलं टाकलेलं... हो, हो, प्रकाशनाला येतो ना... नही सर, पुढे कशाला, मी कुठेही बसेन..." त्याचा आवाज कुठे गेला होता कुणास ठाऊक. तो इतका हळू बोलत होता की सरांना दोनदा विचारावं लागलं. कपाळावर घाम आला होता आणि मोकळ्या हाताने तो रुमाल पोटाशी सारखा करत होता, जणू फोनमधून डाग दिसेल.

फोन परत देऊन तो बसला नाही. ढाबेवाल्याकडे गेला, पैसे दिले, नळावर हात धुतले, पुष्कळ वेळ धुतले. ती गाडीपाशी जाऊन पुढच्या दारापाशी उभी राहिली. तो आला.

"मला खरं सांगायचं होतं," ती म्हणाली.

"सांगितलं ना. तुला बरं वाटलं?"

तिने दाराच्या मुठीवर हात ठेवला.

"आता तो माणूस मला पहिल्या रांगेत बसवेल," झुलाल म्हणाला. "आणि शेजारच्याला सांगेल का बसवलं ते. सांगणारच, चांगला किस्सा आहे. मी खाली होतो तोवर हे फक्त आपल्या दोघांत होतं, दिपा." त्याने किल्ली लावली. "आणि आता तर त्यांना तो जेवणारा पण कळला असेल. हुशार माणूस आहे."

पुढच्या सीटवर बसून ती जळगावपर्यंत आली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं. ऊन पाठीमागून येत होतं आणि गाडीची सावली पुढे रस्त्यावर लांब होत चालली होती. ती त्याच्या किती जवळ बसली होती, आणि मागच्या सीटवर असतानाच जास्त जवळ होती असं तिला वाटत राहिलं. आपल्याला लाज कशाची वाटत होती? आधी त्याची, मग त्याची वाटल्याची, मग ती कबूल केल्याची. एकीखाली दुसरी, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी. शेवटी हाताला काय लागणार होतं? कदाचित काहीच नाही, नुसता वास. तिने एकदा हात उचलून गिअरवरच्या त्याच्या हातावर ठेवायचं ठरवलं. तेवढ्यात पुढे ट्रक आला आणि त्याने गिअर बदलला. नंतर तिला धीर झाला नाही.

घरी तिच्या सासूबाई, पुष्पाबाई, अंगणात खाटेवर बसून हरभऱ्याची भाजी निवडत होत्या. मुलगा फाटकातून आत येतोय तोच त्यांनी विचारलं, "काय व्हयनं रे? लिधं का पुस्तक?"

"लिधं ना माय," झुलालचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा मोठा झाला. "बठ्ठं लिधं. होळी झाई का येस."

"आनि तुले काय म्हने तो सर?"

झुलाल खाटेच्या कडेला बसला. त्याने चपला काढल्या, एकावर एक नीट ठेवल्या. दिपमाला फाटकाची कडी लावत होती आणि तिचा हात कडीवरच राहिला.

"माले?" तो म्हणाला. "मालेच पहिले खुर्ची दिधी. म्हने, आठे बसा, मना शेजारी. चहा उना तो बी पहिले माले. म्हने, तुम्ही नही ऱ्हातात ते हाई पुस्तक व्हतंच नही."

पुष्पाबाईंच्या हातातली भाजी थांबली. त्यांचा चेहरा असा झाला की जणू त्याच त्या खुर्चीवर बसल्या होत्या. मग त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं. या बाईने आयुष्यात तिचं एक अक्षर वाचलं नव्हतं. त्यांना वाचता येत नव्हतं.

"खरं शे का वं?"

झुलाल चपलांकडे पाहत होता. आता तो तिच्याकडे पाहील असं तिला वाटलं, पण त्याने पाहिलं नाही. ती पुढे आली आणि सासूच्या समोर जमिनीवर बसली. या घरात ती आजवर शुद्धच बोलत आली होती. सासू अहिराणीत विचारायची, ती मराठीत उत्तर द्यायची, आणि दोघींना त्याची सवय झाली होती.

"हां आई," ती म्हणाली. "यासले देखीसन सर उभा राही ग्यात."

झुलालचा पाय हलायचा थांबला.

"उभा राही ग्यात?" पुष्पाबाई म्हणाल्या.

"खुर्ची सोडी दिधी. म्हनेत, या भाऊ, तुमनी बरीच वाट देखी. मंग यासना हात धरीसन खिडकीपाशी लई ग्यात, बठ्ठा पुस्तकं दखाडात..." शब्द आपोआप येत होते. आजीच्या तोंडून ऐकलेले, वडिलांनी घरात येऊ न दिलेले. एकाही शब्दासाठी तिला थांबावं लागलं नाही, खोडावं लागलं नाही. तोंडावर कढत वाफ यावी तशी लाज चढत होती आणि तरी ती सांगत होती. झुलाल उठला. त्याला कुणाचा फोन आला होता, उद्या यावलला गाडी लावायची होती. तो बोलत बोलत फाटकाबाहेर गेला आणि रस्त्यावरून त्याचा मोठा आवाज ऐकू येत राहिला. दिपमाला क्षणभर थांबली.

पुष्पाबाईंनी मांडीवरचं भाजीचं सूप बाजूला सारलं आणि पाय वर घेऊन नीट बसल्या.

"मंग?" त्या म्हणाल्या.